उपकेंद्राचे दार उघडे राहावे म्हणून: चळवळींच्या रीतीने गावाची आरोग्यसेवा सुधारण्याची वाट

उपकेंद्राला कुलूप असते, औषधी बाहेरून आणायला सांगतात, रात्री प्रसूतीसाठी गाडी वेळेवर येत नाही, या तक्रारी विदर्भातील बहुतेक गावांत ऐकू येतात. त्या खऱ्या असतात; परंतु पानठेल्यावर बोलल्या जातात आणि तिथेच विरतात. हा लेख त्या तक्रारींचे काय करायचे ते जाणून घेऊ इच्छिणाऱ्या आशाताईंसाठी, बचत गटातील महिलांसाठी, ग्रामपंचायतीच्या नव्या सदस्यांसाठी आणि गावात राहून काही करू पाहणाऱ्या तरुणांसाठी लिहिला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ग्राम आरोग्य समितीचा सदस्य म्हणून मी या वाटेने गेलो आहे आणि त्या वेळी असे काही लिहिलेले हाती असते तर बरेच हेलपाटे वाचले असते.

चळवळ म्हटली की मोर्चा, घोषणा आणि तहसीलसमोरचे उपोषण डोळ्यांपुढे येते. परंतु ज्या चळवळींच्या पदरात काही पडले, त्यांचे बहुतेक काम मोर्च्याच्या आधी आणि मोर्च्यानंतर झालेले दिसते. माहिती सगळ्यांच्या हाती देणे, निर्णय सगळ्यांनी मिळून घेणे आणि मागणी नेमक्या माणसापुढे ठेवणे, हे ते काम होय. आरोग्यसेवेसाठी आपल्याला तेच उचलायचे आहे.

१. सुरुवात मागणीने नव्हे, विचारपूस करून करा

अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिथला दवाखाना कसा असावा हे त्यांनी आदिवासींनाच विचारले, म्हणून तो मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांच्या रूपात उभा राहिला, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येऊ लागले आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचे नाव मिळाले. विचारल्याशिवाय हे कोणालाही सुचले नसते.

आपल्या गावात पहिली बैठक केवळ महिलांची घ्या आणि ती रात्री जेवणानंतर ठेवा. कपाशीच्या वेचणीत, सोयाबीनच्या सवंगणीत किंवा मोहफुले आणि तेंदूपानाच्या दिवसांत बोलावलेल्या बैठकीला ज्यांची सर्वात जास्त गरज आहे तेच लोक येत नाहीत. प्रश्न साधे ठेवा. रात्री कळा सुरू झाल्या तर कोणाला हाक मारता? शेवटचे दवाखान्यात गेलात तेव्हा खिशातून किती गेले? कोणत्या गोष्टीमुळे पुन्हा जावेसे वाटत नाही?

आमच्याकडे पुरुषांच्या बैठकीत ‘डॉक्टर पूर्ण वेळ पाहिजे’ ही मागणी पहिली आली. महिलांच्या बैठकीत मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रातील प्रसूतिकक्षाजवळच्या शौचालयाचा विषय निघाला. त्याला आतून कडी नव्हती, नळाला पाणी नव्हते आणि सोबत आलेल्या सासूला किंवा आईला रात्रभर व्हरांड्यातील फरशीवर बसावे लागत होते. एक बाई म्हणाली, “कळा सोसता येतात, पण दार धरून कोणाला उभे ठेवायचे?” या गोष्टीची कोणत्याही अहवालात नोंद नव्हती, आणि ती दुरुस्त करायला फार पैसाही लागणार नव्हता. पहिली मागणी अशीच निवडावी: अनेकांना सोसावी लागणारी, डोळ्यांना दिसणारी आणि काही महिन्यांत पूर्ण होऊ शकणारी. तिच्या यशावर पुढच्या अवघड मागणीसाठी माणसे टिकतात.

२. अभ्यास गट तयार करा, नेता नको

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे सर्वांना माहीत आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते होते. घोषणेइतकीच महत्त्वाची असलेली त्यांची रीत मात्र बाहेरच्यांना कमी ठाऊक असते. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी असते. अभ्यास गट कायदे वाचतो, बाहेरच्या जाणकारांशी बोलतो आणि चर्चा करतो; निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने.

आपला गट सात-आठ जणांचा असावा, त्यात निम्म्याहून अधिक महिला असाव्यात आणि प्रत्येक टोल्यातील, प्रत्येक वस्तीतील कोणीतरी असावे. अर्जांवर दर वेळी एकाच माणसाची सही गेली की दोन गोष्टी घडतात. कार्यालय त्याला ‘तक्रारखोर’ ठरवते आणि गाव त्याच्यावर सगळे सोपवून मोकळे होते. म्हणून सह्या आळीपाळीने करा आणि कार्यालयात दोघांनी मिळून जा, ज्यांतील एक जण पहिल्यांदाच जाणारा असेल. निवडणूक जवळ आली असेल तर ज्यांना उमेदवारी हवी आहे त्यांना गटाच्या पुढच्या रांगेत ठेवू नका, हे मी आग्रहाने सांगतो.

३. कोणाच्या हातात काय आहे ते समजून घ्या

नवख्या माणसाची सर्वात जास्त दमछाक इथे होते. चुकीच्या दारात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. आशाताई, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाखाली येतात. त्यांच्यासाठी वैद्यकीय अधिकारी, मग तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकारी असा क्रम आहे. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे असते. अंगणवाडीचा विषय एकात्मिक बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जातो.

निकषही माहीत असावेत. सपाट भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र अपेक्षित आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० असे आहेत. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या दक्षिण भागात अंतरे आणि पावसाळ्यातील नाले पाहता हे निकषही अपुरे पडतात, आणि तसे मागणीत स्पष्ट लिहावे.

गावात आधीच असलेल्या दोन जागा विसरू नका. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर जवळपास प्रत्येक गावात असते आणि तिच्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधीची, म्हणजे गावाच्या गरजेनुसार खर्च करता येणाऱ्या पैशाची, तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्याकडेही निधी असतो. आपल्या गावच्या समितीचे सदस्य कोण आहेत हे विचारून पाहा. अनेकदा सदस्यांनाच आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसते.

४. तक्रार लिहू नका, नोंद ठेवा

१९१७ मध्ये चंपारणात गांधीजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो रयतांचे जबाब लिहून घेतले, उलटतपासणी करून घेतले, आणि मगच सरकारपुढे मांडणी केली. गडचिरोलीत ‘सर्च’च्या कामात गावातील साध्या शिकलेल्या महिलांनी जन्म आणि मृत्यू मोजले, नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली, आणि त्या नोंदींवर आधारलेले निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आले. ३९ गावांत नवजात मृत्युदर निम्म्याहून अधिक घटल्याचे त्यात दाखवले होते. पुढे ही पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली आणि आज आशाताई घरोघरी जाऊन बाळाचे वजन घेतात ते त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे. ‘इथे खूप बाळे मरतात’ एवढे वाक्य कोणीही नाकारू शकते. तारीखवार नोंद नाकारणे अवघड जाते.

एक दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक घटनेसाठी हे रकाने आखा: तारीख आणि वेळ, कशासाठी गेले, दार उघडे होते की बंद, कोण भेटले, काय मिळाले, काय बाहेरून आणावे लागले, किती पैसे गेले, गाडी बोलावल्यापासून किती वेळाने आली. औषधाची पावती आणि बाहेरून आणण्यासाठी दिलेली चिठ्ठी वहीला जोडा. रुग्णाचे नाव वहीत असले तरी बाहेर जाणाऱ्या कागदावर ते कधीही जाऊ देऊ नका. सिकलसेल, क्षयरोग, गर्भपात यांच्याबाबत तर विशेष काळजी घ्या, कारण गावात एकदा उघड झालेली गोष्ट परत झाकता येत नाही.

हंगामानुसार काय पाहायचे तेही ठरवून ठेवा. पावसाळ्यात सर्पदंशावरील प्रतिविष आणि नाल्यापलीकडच्या टोल्यातील गरोदर महिला. फवारणीच्या दिवसांत विषबाधेवरील ॲट्रोपिन. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यामुळे आमच्याकडे हा प्रश्न जून महिन्यातच विचारला जातो.

५. कागद मिळवा

सर्वात आधी तोंडी मागा. वैद्यकीय अधिकारी समंजस असतील तर औषधसाठ्याची नोंदवही ते समोर ठेवतात. नाही म्हटले तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. सोबत हे ठेवा:

- जोडपत्र ‘अ’ मधील (ठरवून दिलेल्या नमुन्यातील) अर्ज, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो
- अर्जाची दुसरी प्रत, जिच्यावर पोच, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा आहे
- ग्राम आरोग्य समिती स्थापनेच्या आणि मागील ग्रामसभेच्या ठरावाची प्रत
- नोंदवहीतील घटनांचा नावे वगळून केलेला तक्ता
- केंद्राची नागरिकांची सनद, म्हणजे तिथे मिळणाऱ्या सेवांची यादी, भिंतीवर असेल तर तिचा फोटो

महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, अशी मर्यादा आहे. म्हणून औषधसाठा, हजेरी आणि निधीचा खर्च यांचे अर्ज वेगवेगळे करा. ‘का’ असे विचारू नका, कारण उत्तर टाळायला तेवढी फट पुरते. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या साठा नोंदवहीच्या छायाप्रती’ अशी वस्तू मागा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करा, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे जाता येते आणि त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, नागपूर आणि अमरावती येथे आयोगाची खंडपीठे आहेत.

पोच न घेता अर्ज देऊन येणे ही सर्वात मोठी फसगत आहे. ‘ठेवून जा, साहेब पाहतील’ असे सांगितले तर तो अर्ज परत आणा आणि स्पीड पोस्टने पाठवा.

६. कागद गावात मोठ्याने वाचा

माझ्या मते संपूर्ण कामाचा गाभा हाच आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये जनसुनवाई सुरू केली, तेव्हा त्यांनी हजेरीपट आणि बिले गावकऱ्यांसमोर वाचून दाखवली. ज्यांची नावे मजूर म्हणून लिहिली होती ती माणसे समोर बसलेली होती आणि काय खरे, काय खोटे हे तेच सांगत होते. माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर पोहोचली ती अशा सभांमधून. महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपल्या विदर्भातील अमरावती होता. तिथेही गावाने सेवांना रंग देऊन पत्रक भरायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवायचे, अशी रीत होती. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांनाही लाल, पिवळा आणि हिरवा रंग कळतो.

आमच्या समाजमंदिरात निधीच्या खर्चाचा कागद वाचला गेला तेव्हा त्यात वजनकाट्याची खरेदी होती. वाचणारा पुढच्या ओळीवर जाणार तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजीने थांबवले आणि विचारले, “हा काटा ठेवला कुठं? नातीचं वजन तं अजून अंगणवाडीतच जाऊन करतो आम्ही.” सभेत शांतता पसरली. आवाज चढला नाही, कोणाचे नावही घेतले गेले नाही; पुढच्या आठवड्यात काटा उपकेंद्रात दिसू लागला. तोच प्रश्न अर्जात विचारला असता तर ‘नियमानुसार खर्च केला आहे’ एवढे उत्तर आले असते.

वाचनाच्या सभेसाठी काही पथ्ये पाळा. अधिकाऱ्यांना आधी लेखी निमंत्रण द्या आणि कोणते कागद वाचले जाणार तेही कळवा, कारण कोणालाही खिंडीत गाठणे हा आपला हेतू नाही. वाचन बोलीभाषेत समजावून करा. गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलणारी वस्ती असेल तर त्या भाषेत सांगणारा माणूस जवळ बसवा. जे चांगले आढळले तेही तितक्याच स्पष्टपणे वाचा.

७. सिस्टर आणि आशाताईंना समोरच्या बाजूला ढकलू नका

संतापाचा पहिला घाव सर्वात जवळच्या माणसावर बसतो, आणि तो माणूस बहुधा बाईच असतो. आशाताई मानधन आणि मोबदल्यावर काम करतात. ज्या सिस्टरच्या निवासस्थानाचे छत गळते, जिथे पाणी नाही आणि रात्री सोबतीला कोणी नाही, तिने मुख्यालयी राहावे अशी मागणी करण्यापूर्वी ते घर राहण्यासारखे करण्याची मागणी गावाने करायला हवी. काही उपकेंद्रांना ही मदत ग्रामपंचायत स्वतःच करू शकते. एकदा सिस्टरला कळले की गाव तिच्या अडचणीचाही ठराव करते, की साठा नोंदवही दाखवण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. मात्र प्रसूतीसाठी पैसे मागणे, जातीवरून हिणवणे किंवा रुग्णाला हात लावायला नकार देणे अशा गोष्टींना ही सवलत नाही. त्यांची लेखी तक्रार त्याच आठवड्यात व्हावी.

८. ग्रामसभेचा ठराव

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा व्हावी लागते. आरोग्याचा विषय तिथून पुढे आला तर ग्रामसभेत तो टाळणे कठीण जाते. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, म्हणून माणसे जमवण्याची जबाबदारी टोल्यानुसार वाटून घ्या. विषय आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात टाकलेला ठराव अर्धवट लिहिला जातो. ठरावात काय हवे, कोणाकडून हवे आणि कोणत्या तारखेपर्यंत हवे या तीनही गोष्टी असाव्यात, आणि प्रत लगेच मागून घ्यावी. गडचिरोली, मेळघाट आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या अनुसूचित भागात पेसा कायद्याखाली (आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा) पाड्याची किंवा टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. तिथे ही ताकद अधिक आहे आणि ती वापरावी.

मागणीमागे हक्क कोणता आहे ते ठरावातच लिहा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी दवाखान्यातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधी, तपासण्या, रक्त, जेवण आणि घर ते दवाखाना ते घर अशी वाहतूक मोफत आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. हे माहीत नसल्यामुळे आजही लोक मुकाट्याने पैसे देतात.

९. दबाव पायरीपायरीने वाढवा

ठराव, मग प्रत्यक्ष भेट, मग स्मरणपत्र, मग तालुका आणि जिल्हा पातळी, मग जनसुनवाई, आणि हे सगळे करूनही काही हलले नाही तरच पूर्वसूचना देऊन धरणे. पायरी गाळली की समोरच्याला ‘आम्हाला आधी सांगितलेच नाही’ म्हणायला जागा मिळते. प्रत्येक पायरीवर दोन-तीन आठवड्यांचा अवधी द्या आणि तो पत्रात लिहा. दवाखान्याला कुलूप ठोकण्याचा मार्ग मात्र कधीही पत्करू नका, कारण त्या दिवशी येणारा रुग्ण आपलाच असतो.

१०. मिळालेले टिकवा

गडचिरोलीत मोठ्या लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी झाली, आणि तरीही ती गावात टिकवण्याचे काम गावोगावच्या महिलांना त्यानंतरही वर्षानुवर्षे करावे लागले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. शौचालयाची कडी तर त्याहून लवकर निखळते. म्हणून नोंदवही बंद करू नका. तीन महिन्यांनी एकदा तेच पत्रक त्याच रंगांनी पुन्हा भरा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गटातील दोन जण दर वर्षी बदला आणि जाणाऱ्यांनी येणाऱ्यांना फाइल समजावून द्यावी. वार्षिक ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होताना आरोग्याची कामे त्यात घालून घ्या. आराखड्यात नसलेल्या कामाला नंतर पैसा मिळवणे जिकिरीचे होते.

वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बदल्या होतच असतात. नवीन डॉक्टर रुजू झाले की पहिल्या आठवड्यात गटाने भेटायला जावे, पाड्यांची आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या रस्त्यांची यादी, गरोदर महिलांच्या गावनिहाय संख्या आणि आतापर्यंतच्या ठरावांच्या प्रती त्यांच्या हाती द्याव्यात, आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख सांगून यावे.